थारोळ्याकाठचं कोहळं

रविवार, २४ नोव्हेंबर १९६३

उपासनेला गेलो. आज दौलतची साक्ष होती. त्याचा बाप्तिस्मा होऊन अजून वर्ष भरलं नाही. बिडी सुटली, शिव्या सुटल्या, सासऱ्याशी बोलणं सुरू झालं, पहाटे जाग येते ती ओठावर गीत घेऊनच, असं म्हणाला. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं. जरा मोठ्यानंच म्हटलं, कारण आतून येत नव्हतं.

येताना नाल्यापाशी सौ.ला विचारलं, माझ्या बाप्तिस्म्याला नऊ वर्षं झाली, माझं काय सुटलं?

"तपकीर."

"ती डॉक्टरनं सोडवली."

"मंग मले कायले इचारता," म्हणाली, आणि चपला हातात घेऊन पाण्यात उतरली.

संध्याकाळी प्रार्थना (पुढे प्रा.) केली. कोरडी. आमेनपर्यंत मन कितीदा तरी कांद्याच्या वाफ्यात जाऊन आलं.

सोमवार, २५ नोव्हें.

गव्हाला पाणी. दादा मोटेवर, मी वाफ्यात. बोलणं नेहमीसारखं. दादा त्याच्या लाख्याला म्हणाला, "लाख्या, त्याले सांग, कांद्याकडं पानी फोडू नोको. आंधी गहू." मी माझ्या मोऱ्याला म्हणालो, "मोऱ्या, सांग त्याले, गहूच चालू हाय." बैल ऐकतात. एक कान दादाकडे, एक माझ्याकडे.

बाबा गेल्यावर वाटणी झाली तेव्हा विहीर एकच राहिली आणि जोडी फुटली. मोठ्या भावाला एक बैल, मला एक. मोटेला लागतात दोन. तेव्हापासून सावड. त्याचा बैल, माझा बैल, एका जुवाखाली. पुढे मी बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी दादा एवढंच म्हणाला, "आजपासून तुह्यं माह्यं बोलनं बंद." मी म्हणालो, "बरं." सावड बंद असं तो म्हणाला नाही. म्हणून चाललंच नसतं. गहू वाळला असता.

ते "बरं" मला अजून टोचतं. एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढं लहान उत्तर.

मंगळवार, ३ डिसें.

थारोळ्याच्या कडेला, मोटेचं पाणी हिंदकळून सांडतं तिथे, कोहळ्याचा वेल पसरला आहे. मला वाटायचं दादानं लावला. आज कळलं, त्याला वाटतं मी लावला. लाख्याला म्हणाला, "याचा येल धावेवर येऊन राह्यला. बाजूले कराव म्हनाव." मी वेल बैलांच्या उतारावरून उचलून कडेला घेतला. आपला नाही हे बैलामार्फत कुठे सांगत बसू.

वेलाला एक फळ धरलं आहे. लिंबाएवढं.

शुक्रवार, ६ डिसें.

आज रागावलो. पाणी पाजून आलो तर भाकरी गार, वर भाजीत मीठ नाही. ताट सरकवलं. मग लाज वाटली. सौ.ला म्हणालो, मी काही सुधारत नाही बघ. इतकी वर्षं रोज वाचन, रोज प्रा., आणि एका मिठाच्या खड्यावर सगळं सांडतं.

ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "पहिले ताट फेकत होते. अंगनात. कुत्रं वाटच पाहे. आता नुसतं सरकवता. आनखी काही वर्षांनी खाऊन घ्यान."

हसू आलं. ताट ओढून जेवलो. मीठ ताकात घातलं.

रविवार, ८ डिसें.

उपासनेहून आलो तो सौ. वहिनींशी कुंपणावर बोलून आली. जावाजावांचं बोलणं कधीच बंद नव्हतं. दादाला माहीत आहे, मला माहीत आहे, कोणी तो विषय काढत नाही.

बातमी अशी. दादाचा कापूस चांगला निघाला. संक्रांतीनंतर तो धामणगावच्या बाजारातून दुसरा बैल आणणार. त्याची जोडी पुरी होणार.

"मंग सावड नाई," सौ. म्हणाली. "तुमचं तुमी, त्यायचं ते. सुटले एकदाचे, म्हनते सारं गाव."

बाहेर येऊन मोऱ्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. सावड गेली की मग काय राहिलं. बैलांच्या तोंडून का होईना, रोज त्याचा आवाज ऐकतो. जोडी पुरी झाली की तो एका काठावर आणि मी दुसऱ्या, आणि मध्ये सांगायला बैलही नाही.

प्रभूजवळ आज एकच मागितलं. बैल येण्याआधी मला एक शब्द बोलता यावा. एवढी तरी वाढ दे.

बुधवार, ११ डिसें.

रविवारी मी बैल जुंपत नाही, म्हणून दादाची मोट रविवारी बंद. एकादशीला तो जुंपत नाही, म्हणून माझी एकादशीला बंद. इतकी वर्षं तो माझा रविवार पाळतो आणि मी त्याची एकादशी. आज पाणी धरताना हे सुचलं आणि एकटाच हसलो. दादानं लाख्याला विचारलं, "याले काय झालं बे?" लाख्यालाही सांगता आलं नसतं.

तरी बोललो नाही. शब्द ओठापर्यंत आला होता. नेमका तेव्हाच मोट वर आली, पाणी थारोळ्यात कोसळलं आणि तो आवाज मोठा.

फळ आता पेरूएवढं.

बुधवार, २५ डिसें. नाताळ

फार आनंद. गर्दी, गीतं, मुलांचं नाटक. मेंढपाळ झालेल्या पोरानं खरं कोकरू आणलं होतं. त्यानं गव्हाणीतलं सगळं गवत खाल्लं, शेवटी बाळ येशू उघड्या पाटीत. पाळकसाहेब (पुढे पा.सा.) हसता हसता डोळे पुसत होते.

सौ.नं करंज्या कुंपणावरून वहिनींकडे दिल्या. संध्याकाळी विचारलं, दादानं खाल्ली?

"दोन खाल्ल्या."

"कोणाच्या म्हणून विचारलं?"

"नाई इचारलं. इचारलं असतं तं सोडाव लागल्या असत्या."

झोपताना हेच आठवून देवाचे आभार मानले. मोठी प्रा. जमली नाही. करंज्यांबद्दल मानले.

शुक्रवार, १० जाने. १९६४

पा.सा. सायकलवरून आले. मिशनवाडीतून नाल्यापर्यंत सायकल त्यांना आणते, पुढे ते सायकलला आणतात. वांग्याचं भरीत खाल्लं. मग म्हणाले, "शिमोनभाऊ, फेब्रुवारीत हंगामाचा सण. यंदा साक्ष तुमची."

मी म्हणालो, माझ्याजवळ काही नाही. दौलतसारखं काही सुटलं नाही, काही दिसलं नाही. जिथं होतो तिथंच आहे. माणसांपुढे काय सांगू?

"काही नाही म्हणता ना? मग तेच सांगा. पण उभं राहून सांगा."

आणखी थोडं भरीत मागून घेतलं. जाताना दारात थांबले. म्हणाले, "मी रोज स्वतःला तपासतो तेव्हा मला पण काही दिसत नाही. म्हणून हल्ली दिवसाआड तपासतो." गंमत केली की खरं सांगितलं, कळलं नाही. पुष्कळ वेळ मनात राहिलं.

मंगळवार, १४ जाने. संक्रांत

सौ.नं तिळाचे लाडू केले. वाटलं, आजचा दिवस देवानंच दिला. आज सगळं गाव एकमेकांना गोड बोला म्हणतं, आज एक शब्द बोललो तर कोणी त्यात काही पाहणार नाही. लाडू धोतराच्या सोग्यात बांधून विहिरीवर गेलो.

दादा मोटेचा नाडा तपासत होता. जवळ गेलो. त्यानं पाहिलं. मी लाडू काढला, हात पुढे केला आणि लाख्याला दिला.

कसं झालं ते मला माहीत नाही. हात आपण होऊन तिकडे वळला.

लाख्यानं एका घासात खाल्ला. दादा त्याला म्हणाला, "खाल्लं ना? आता गोड बोल."

घरी येऊन सौ.ला सांगितलं. ती हसून हसून भिंतीला टेकली. मग मीही. डोळ्यांत पाणी आलं, हसण्याचंच असेल.

दुसऱ्या सोग्यातला लाडू मोऱ्याला दिला. त्यानं का उपाशी राहावं.

मंगळवार, २१ जाने.

कोहळं घागरीएवढं झालं आहे. कोणीच तोडत नाही. मी त्याचं समजून, तो माझं समजून. एकमेकांचं राखून राखून ते असं माजलं आहे. वहिनी सौ.ला म्हणाल्या, "तुमचं कोहळं मस्त झालं." सौ. म्हणाली, "आमचं? मले वाटलं तुमचं." दोघी पाहत राहिल्या. म्हणजे कोणीच लावलं नाही. पडलं, उगवलं.

दादालाही वहिनींनी सांगितलं असेल. तरी तो तोडत नाही. मीही नाही. आता तर दोघांनाही ते तोडायचं अवघड झालं.

गुरुवार, ६ फेब्रु.

आज मी मोटेवर. गीत म्हणत होतो. नेहमीचंच, मोटेच्या चालीला बसतं म्हणून मी ते म्हणतो. मध्येच कणसूर लागला म्हणून थांबलो. खाली वाफ्यातून गीत पुढे चाललेलं. शब्द नाहीत, नुसती चाल, नाकातून. दादा वाकून पाण्याचं दारं धरत होता. त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं.

मी थांबलो हे त्याच्या लक्षात आलं, तसा तोही थांबला. मग खोकला.

मी पुढलं कडवं धरलं. जरा हळू म्हटलं, त्याला सापडावं म्हणून.

बोललो नाही. पण आज उदास नाही.

गुरुवार, १३ फेब्रु.

दादा काल धामणगावला गेला होता. बैल आणला. उंच, पांढरा, शिंगं चांगली. किंमत मी विचारली नाही, गाव सांगत सुटलं आहे. वहिनींनी ओवाळलं.

आम्ही दोघांनी शेवटची मोट हाकली असावी. संध्याकाळी जू उतरवताना दादा लाख्याला म्हणाला, "त्याले सांग, मोऱ्याले आता आराम." मी मोऱ्याला काही सांगितलं नाही.

कांद्याला दर आठवड्याला पाणी लागतं. एका बैलावर मोट चालत नाही. पण मन कांद्याशी नव्हतं. मागितलं होतं ते मिळालं नाही. एक शब्द. देवानं दिला नाही की मी घेतला नाही?

प्रा.त हेच म्हणालो. तुझ्यावर भरवसा आहे, पण मला काही दिसत नाही. एवढंच. त्यापुढे बसून राहिलो. बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

शनिवार, १५ फेब्रु.

उद्या सण. साक्षीचं काहीच ठरलं नाही. पिकातलं देवाला द्यायचं, म्हणून हरभऱ्याची पेंढी बांधून ठेवली. सौ. म्हणते तिचं वेगळं काही आहे, सकाळी पाहा. कोंबडी असेल.

रविवार, १६ फेब्रु. हंगामाचा सण

आज पुष्कळ लिहायचं आहे. क्रमानं लिहितो.

मी पेंढी घेऊन आधी गेलो, आसनं मांडायची होती म्हणून. सौ. मागून आली. मी खांबापाशी बसलो. पुढच्या मेजावर सगळ्यांचं लागलं होतं, ज्वारीची कणसं, कापूस, अंडी, कोणाचा लसूण, पाय बांधलेली कोंबडी. आणि मधोमध ते कोहळं. थारोळ्यावरचं.

बायकांकडे पाहिलं. सौ. समाधानानं बसली होती. खुणेनं विचारलं, कोणी आणलं? तिनं खुणेनंच सांगितलं, मी. कोणाचंच नाही, मग देवाचं, असा तिचा हिशेब.

माझं मात्र आसन हललं. कोणाचंच नाही कसं? पाणी आमच्या दोघांच्या बैलांनी ओढलेलं. अर्धं दादाचं आहे. त्याला न विचारता त्याचं अर्धं मी देवापुढे ठेवून बसलो आहे. आणि वेदीपाशी देणगी आणलेल्याला भावाची आठवण झाली तर त्यानं आधी जाऊन भावाशी समेट करावा, हे मला काय कोणी वाचून दाखवायला हवं होतं?

तरी बसून राहिलो. गीत झालं. प्रार्थना सुरू झाली. सगळे डोळे मिटून शांत, आणि वारा शेताकडून होता. त्या शांततेत मोटेचं चाक ऐकू आलं. कर्र, कर्र. आमच्या विहिरीचं. रविवारी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आता तो माझा रविवार पाळणार नव्हता.

मग चाक थांबलं. दादाचा ओरडा ऐकू आला. पुन्हा कर्र, पुन्हा थांबलं. उठलो. पा.सा. प्रार्थनेत होते, दौलतनं एक डोळा उघडून पाहिलं. धुतलेल्या धोतरानं नाल्यातून गेलो.

नवा बैल धाव उतरत होता झोकात. पण मोट रिकामी झाली की पाठमोरं मागे सरत वर यायचं, ते त्याला कोणी शिकवलेलं नाही. तो वळून तोंड विहिरीकडे करायला पाही. नाडा लाख्याच्या पायांत अडकलेला. लाख्या बिचारा अर्धा मागे सरलेला, जोडीदाराची वाट पाहत. दादाच्या कपाळावरून घाम.

मी धावेच्या कडेला उभा राहिलो. इतक्या वर्षांत मी मनात किती भाषणं रचली होती. क्षमेची, प्रीतीची, आपण एका आईच्या पोटचे अशी. त्यातलं एकही आलं नाही.

"दादा," म्हणालो. "थारोळ्यावरचं कोहळं हिनं देवाले नेलं. मले मालूम नोतं. म्या लावलं नोतं ते. तू लावलं?"

तो नाडा सोडवत होता. म्हणाला, "म्या कायले लावू?"

"पन पानी दोघाचं हाय. अर्धं तुह्यं हाय. देऊ का?"

वाटलं, आता लाख्याला काही तरी सांगेल. लाख्यालाही तसंच वाटलं असावं, त्यानं कान वळवले. दादा मात्र सरळ झाला आणि माझ्याकडे पाहिलं.

"शिरप्या," म्हणाला, "अर्धं कोहळं देवाले कोन देते बे? अख्खं दे."

मी उभाच. बाप्तिस्म्याआधीचं माझं हे नाव नऊ वर्षांत त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"आता उभा काऊन राह्यला? याची येसन धर."

धरली. नव्याच्या नाकाशी उभं राहून त्याला हळूहळू मागे लोटत वर आणलं. पाय माझ्या पायावर दिला त्यानं. पुन्हा खाली, पुन्हा वर. किती मोटा झाल्या मोजल्या नाहीत. मग दादा म्हणाला, "जाय आता. तुह्या देवाचं खोळंबलं असंन."

देवळात आलो तो मेजावरच्या वस्तूंचा लिलाव सुरू व्हायचा होता. गुडघ्यापर्यंत चिखल. पा.सा. म्हणाले, "शिमोनभाऊ, रविवारी बैल धरला की काय?"

"धरला."

"विहिरीत पडला होता?"

"पडायच्या बेतात होता."

"मग ठीक आहे. तेवढी सूट शास्त्रात आहे. या. साक्ष."

तसाच चिखलानं पुढे गेलो. म्हणालो, सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. आताही फार नाही. ते कोहळं अख्खं आहे, एवढंच सांगायचं आहे. कोणाला काही कळलं नाही. सौ.ला कळलं. तिनं पदर तोंडाला लावला. मग पा.सा.नी "म्हणजे?" विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, लाख्याच्या लाडवासकट. लोक इतके हसले की मेजावरची कोंबडी सुटली. तिला धरेपर्यंत साक्ष संपली होती. आमेन कोणी म्हटलं की नाही, लक्षात नाही.

लिलावात कोहळं शाळेच्या मास्तरांनी पैसे देऊन घेतलं, पुन्हा लिलावाला परत दिलं. दौलतनं घेतलं, परत दिलं. आमच्यात तसंच करतात. शेवटी चिरून मोठ्या पातेल्यात गेलं. सगळे जेवलो. बिया सौ.नं राखेत घोळून पदरात बांधल्या.

सोमवार, १७ फेब्रु.

अंग दुखतं. नव्यानं दाबलेला पाय सुजला आहे. त्याच्याकडे पाहून सारखं हसू येतं.

एक गोष्ट सुचली, ती लिहून ठेवतो. कोहळ्याला आम्ही दोघांनी हात लावला नाही, कारण दुसऱ्याचं समजलो. म्हणून वाढलं. आपलं समजलो असतो तर पेरूएवढं असतानाच दाबून पाहिलं असतं. माझ्या आत जे काही वाढत असेल ते तरी माझं कुठे आहे? ज्याचं आहे तो पाहील. मी पाणी सांडत राहावं.

दिवसभर विहिरीकडून चाक ऐकू आलं नाही. गेलो नाही. बोलावलं नव्हतं.

मंगळवार, १८ फेब्रु.

सकाळी वहिनी कुंपणापाशी आल्या. मला ऐकू जाईल अशा बेतानं सौ.ला म्हणाल्या, "लाख्या म्हनते, मोऱ्याले घेऊन याव. नव्याले मागं सरनं शिकवाव लागते."

मोऱ्याला सोडला. दोर धरायच्या आत तो विहिरीच्या वाटेला लागलेला.

नव्याला मोऱ्याबरोबर जुंपला. लाख्या झाडाखाली बसून पाहत होता. मोऱ्या मागे सरतो, नवा दोन पावलं सरतो आणि विसरतो. दादा मोटेवर, मी नव्याच्या तोंडाशी. दादा बोलला, पण लाख्याशीच. "लाख्या, त्याले सांग, येसन ढिली धर." रविवारचं ते सरळ बोलणं तेवढंच, पुन्हा बैल. मला राग यायला हवा होता. आला नाही. झाडाखालच्या लाख्याकडे पाहिलं, आणि उत्तर सरळ दादाला दिलं. "ढिलीच हाय, दादा."

त्यानं मोट खाली सोडली. पण ऐकलं.

माझ्या कांद्यालाही पाणी मिळालं. दादानंच पाण्याचं बारं तिकडे फोडलं. मी मागितलं नव्हतं.

गुरुवार, २० फेब्रु.

नवा शिकतो, पण फार हळू. काल आलेलं आज विसरला. दादा वैतागतो. म्हणतो, इतके पैसे घालून हे ध्यान आणलं. सौ. विचारते, शिकायला किती दिवस घेईल? म्हटलं, घेऊ दे. मला त्याची काही घाई नाही.

प्रा.त आज नव्यासाठीही मागितलं. शिकू दे, पण सावकाश. असं मागणं बरोबर की नाही, पा.सा.ना विचारीन. नकोच, हसतील.

शनिवार, २२ फेब्रु.

आज नवा एकदा सबंध वर आला. पाठमोरा, न वळता, मोऱ्याच्या पावलाला पाऊल. दादाच्या तोंडून "वाऽ" निघालं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग दादा लाख्याला म्हणाला, "पाह्यलं?"

दुपारी भाकरी सोडली. तो त्याच्या बाभळीखाली, मी माझ्या. मध्ये तिघं बैल. माझ्या खिशात बियांची पुडी होती. रविवारपासून आहे. उठून त्याच्या बाभळीपर्यंत गेलो.

"दादा, कोहळ्याच्या बिया हायेत. कुठी लावाव? थारोळ्याच्या तुह्या बाजूले का माह्या?"

तो भाकरी मोडत राहिला. वहिनींनी दिलेली मिरची चावली, पाणी प्याला. मग उठून मोटेकडे गेला आणि नवा जुंपला. जाताना थारोळ्यापाशी क्षणभर थांबला. जुन्या वेलाची सुकलेली मुळी होती, ती पायानं बाजूला सारली. जागा साफ केली की सहज पाय लागला, सांगता येत नाही.

पुडी खिशातच आहे. उद्या रविवार. परवा एकादशी. दोन दिवस मोट बंद.

मंगळवारी पुन्हा विचारीन.